सायकलीची बैठक आणि लांबचा प्रवास

छत्रपती संभाजीनगरच्या गुलमंडीवरून क्रांती चौकापर्यंत सायकलीनें जावयाचें असेल, तर बैठक कशीहि असली तरी चालते. ती रुंद असो वा अरुंद असो, तिचें आवरण फाटलेलें असो किंवा तिची स्प्रिंग करकरत असो. दहा मिनिटांच्या अवधींत शरीर तक्रार करीत नाहीं. तोच मनुष्य तीच सायकल घेऊन दिल्ली दरवाजानें बाहेर पडला आणि हर्सूल, फुलंब्री, सिल्लोड या मार्गानें अजिंठ्याकडे निघाला, म्हणजे चाळीस-पन्नास किलोमीटरांनंतर एक निराळाच अनुभव त्याला येऊं लागतो. पाय थकलेले नसतात, दम लागलेला नसतो, उत्साहहि ओसरलेला नसतो. परंतु बसवत नाहीं. शंभर किलोमीटरांचा बेत अर्ध्यावर टाकून, सायकल एखाद्या टेंपोंत घालून घरीं परतण्याची पाळी अशा वेळीं पुष्कळांवर येते.

दूरच्या सायकल-प्रवासाची हौस एका फेरींतच मावळली, तर तिचें खापर बहुधा वयावर, प्रकृतीवर किंवा रस्त्यावर फोडण्यांत येतें. खरा दोष वीतभराहून थोड्याशा लांब अशा एका वस्तूचा असतो, हें फारसें कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. सायकल विकत घेतांना गियर किती आहेत, ब्रेक कसले आहेत, रंग कोणता आहे, याची चौकशी घरांतील लहानथोर सर्व मंडळी करतात. बैठकीची परीक्षा मात्र एकाच प्रकारें होते. अंगठ्यानें ती दाबून पाहतात, आणि अंगठा आंत गेला कीं ती उत्तम समजतात. लांबच्या प्रवासाच्या दृष्टीनें या परीक्षेइतकी फसवी परीक्षा दुसरी नाहीं. तिच्यांत चूक कोठें होते, हें समजावयास प्रथम मनुष्य बसतो कशावर, हें पाहिलें पाहिजे.

मनुष्य मांसावर बसतो असें वाटतें. वास्तविक तो हाडांवर बसतो. कंबरेच्या खालच्या पोकळ अस्थिबंधाच्या तळाशीं डाव्या व उजव्या बाजूस एकेक असे दोन उंचवटे असतात. लाकडी पाटावर किंवा दगडी पायरीवर बसून थोडें पुढेंमागें झुललें, म्हणजे हे दोन उंचवटे स्पष्टपणें टोंचूं लागतात. निसर्गानें बसण्यासाठीं जी जागा नेमून दिली आहे ती हीच. अंगाचा भार सोसण्याची शक्ति या हाडांत व त्यांवरील जाड ऊतींत आहे. या दोन हाडांच्या मधला जो मऊ भाग आहे, त्याची गोष्ट निराळी. त्यांतून ज्ञानतंतु व रक्तवाहिन्या जातात. भार सोसण्यासाठीं तो भाग नाहींच. तेव्हां बैठकीची निवड म्हणजे मुळांत एकाच प्रश्नाचें उत्तर होय. अंगाचा भार हाडांवर पडतो कीं मधल्या भागावर पडतो?

आतां अंगठ्याच्या परीक्षेंत उत्तीर्ण झालेल्या अतिशय मऊ बैठकीवर काय घडतें तें पाहावें. बसतांक्षणीं तीं दोन हाडें मऊ भरणींत रुतून खालीं जातात. भरण दोन्ही बाजूंस दबली म्हणजे मध्यें ती फुगून वर येते, आणि जो भाग मोकळा राहावयास हवा त्यालाच ती खालून रेटूं लागते. पहिलीं पंधरा मिनिटें या रेट्याची जाणीव होत नाहीं. उलट फार सुख वाटतें. तासाभरानें अस्वस्थता सुरू होते, आणि दोन तासांनीं प्रवासी दर पांच मिनिटांनीं कूस बदलूं लागतो. तेव्हां तो काय करतो? वाटेंतल्या गांवीं किंवा पुढच्या खेपेस तो बैठकीवर आणखी एक जेलचें मऊ आवरण चढवितो, आणि दुखणें वाढवून घेतो. घोड्याच्या खोगिरांत चिंध्या-बोळे कोंबून त्याला फुगविण्याच्या रीतीवरून मराठींत 'खोगीरभरती' हा शब्द रूढ झाला आणि निरुपयोगी भरताडाला तो लावण्यांत येऊं लागला. सायकलीच्या बैठकीच्या बाबतींत तो शब्द अक्षरशः लागू पडतो.

सायकलीच्या बैठकीला इंग्रजींत खोगिराचेंच नांव आहे, आणि या नांवामागें खरोखरीचा इतिहास आहे. इंग्लंडांतील बर्मिंगहॅम येथें जॉन बोल्टबी ब्रुक्स या गृहस्थानें १८६६ सालीं घोड्यांच्या कातडी साजाचा धंदा सुरू केला. १८७८ मध्यें त्याचा घोडा मेला, म्हणून कामावर जाण्यासाठीं त्यानें एक सायकल उसनी घेतली, आणि तिची बैठक त्याला इतकी असह्य झाली कीं ती सुधारण्याचा त्यानें निश्चय केला, अशी हकीगत सांगण्यांत येते. १८८२ मध्यें त्यानें आपल्या कातडी बैठकीचें पेटंट घेतलें. हवा भरलेली रबरी धाव डनलॉपनें १८८८ मध्यें प्रचारांत आणली. म्हणजे ब्रुक्सच्या काळीं रस्त्याचा प्रत्येक धक्का थेट बैठकीपर्यंत पोंचत असे. त्याला तोंड देतांना या साजवाल्यानें बैठकींत कापूस भरला नाहीं. एका लोखंडी चौकटीवर त्यानें जाड कातडें पुढून मागें ताणून बसविलें.

ही युक्ति ज्यानें सुंभाची बाज वापरली आहे, त्याच्या लगेच ध्यानांत येईल. बाजेवर भरण कांहींच नसते. तरी तिच्यावर झोंप चांगली लागते, कारण ताणलेला सुंभ अंगाच्या आकाराप्रमाणें जेथल्या तेथें दबतो आणि बाकी ठिकाणीं ताठ राहतो. कातडी बैठकीचें कार्य असेंच चालतें. नवी असतांना ती लाकडासारखी कठीण लागते. कांहींशें किलोमीटर तिच्यावर बसून झालें, म्हणजे हाडांच्या जागीं दोन उथळ खळगे पडतात, आणि ती त्या एकाच माणसाच्या अंगाची होऊन बसते. बाज सैल पडली कीं पायथ्याची दोरी ओढून ती ताठ करतात, त्याप्रमाणें या बैठकीच्या नाकाखालीं एक बोल्ट असतो. तो किंचित् फिरविला म्हणजे कातडें पुन्हां ताणलें जातें. हा बोल्ट हौसेखातर वरचेवर आवळूं नये. वर्षाकाठीं एखादा अर्धा फेरा बहुधा पुरतो, आणि अति ताणलेलें कातडें रिव्हेटाजवळ फाटतें.

मुंबईच्या बॉम्बे वेटलिफ्टिंग क्लबांतील सहा पारशी तरुण १५ ऑक्टोबर १९२३ रोजीं सायकलींवरून पृथ्वीप्रदक्षिणेस निघाले. त्यांपैकीं आदी हकीम, जाल बापासोला व रुस्तम भुमगरा हे तिघे १८ मार्च १९२८ रोजीं सुमारें ७१,००० किलोमीटरांचा प्रवास पुरा करून मुंबईस परत आले. इराण, सीरियाचें वाळवंट, युरोप, अमेरिका, जपान व चीन एवढा मुलूख त्यांनीं पालथा घातला. त्या काळीं मऊ फेसाच्या किंवा जेलच्या बैठकी अस्तित्वांतच नव्हत्या. ताणलेलें कातडें हीच सर्वत्र चाल होती. अलीकडचा दाखला घ्यावयाचा तर २०१५ सालीं नाशिकचे डॉ. हितेंद्र व डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनीं अमेरिकेची आडवी शर्यत, सुमारें ४,८०० किलोमीटरांची, दोघांच्या जोडीनें नऊ दिवसांच्या आंत पुरी केली, आणि २०१७ सालीं नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनीं ती एकट्यानें बारा दिवसांच्या आंत पुरी केली. २०१८ मध्यें पुण्याच्या वेदांगी कुलकर्णी या तरुणीनें सुमारें २९,००० किलोमीटर सायकल चालवून १५९ दिवसांत पृथ्वीप्रदक्षिणा केली. अशा दूरच्या शर्यतींत व प्रवासांत ज्या बैठकी सर्रास दिसतात, त्या पाहणाऱ्याला अरुंद व कठीण वाटाव्या अशाच असतात. दिवसचे दिवस बसणारीं माणसें कठीण बैठक पसंत करतात, यांतच वरील शरीरशास्त्राची साक्ष आहे.

याचा अर्थ प्रत्येकानें शर्यतीची अरुंद बैठक घ्यावी, असा मात्र नव्हे. सायकलस्वाराचा भार तीन ठिकाणीं वांटला जातो : पायडलांवर, हँडलवर आणि बैठकीवर. जुन्या पद्धतीच्या, दूधवाल्यांच्या व पोस्टमनच्या म्हणून ओळखल्या जाणाऱ्या काळ्या सायकलीवर मनुष्य ताठ बसतो. त्याचा बहुतेक भार बैठकीवर येतो, आणि हाडांचा मागला, रुंद भाग टेकतो. म्हणून त्या सायकलींना रुंद व खालीं जाड स्प्रिंगा असलेली बैठक असे, आणि ती योग्यच होती. हँडल खालीं असलेल्या सायकलीवर मनुष्य पुढें वांकतो. त्याचा पुष्कळसा भार हातांवर व पायांवर जातो, कंबर पुढें कलते, आणि हाडांचा पुढला, एकमेकांजवळ येणारा भाग टेकतो. अशा माणसाला रुंद बैठक अडचण करते. मिनिटाला ऐंशी फेरे याप्रमाणें पायडल मारणाऱ्याची प्रत्येक मांडी पांच तासांत चोवीस हजार वेळां खालींवर होते. बैठकीची कड मांडीला लागत असेल, तर तितक्याच वेळां ती घासते. घोडेस्वाराची मांड घट्ट असावी लागते. सायकलस्वाराच्या मांड्या मोकळ्याच फिरल्या पाहिजेत. दूरच्या प्रवासाला निघालेले बहुतेक लोक या दोन टोंकांच्या मध्यें कोठेंतरी बसतात. पाठ जितकी ताठ तितकी बैठक रुंद, आणि पाठ जितकी वांकलेली तितकी ती अरुंद, एवढें सूत्र ध्यानांत ठेवलें म्हणजे पुरें.

किती रुंद, हें नुसत्या अंदाजानें ठरविण्याची आवश्यकता नाहीं. त्याचें माप घरींच घेतां येतें. खोक्याचा पन्हाळीदार पुठ्ठा घेऊन तो कठीण स्टुलावर किंवा जिन्याच्या पायरीवर ठेवावा. पातळ कपडा घालून त्यावर बसावें, पाय थोडे उंचावर टेकवावे, आणि सायकलीवर जितकें पुढें झुकावयाचें तितकें झुकून अर्धें मिनिट स्थिर राहावें. उठल्यावर पुठ्ठ्यावर दोन खळगे दिसतात. ते नीट दिसत नसतील, तर खडू आडवा धरून हलकेच फिरवावा. या दोन खळग्यांच्या मध्यबिंदूंमधील अंतर मोजावें. पुष्कळांच्या बाबतींत तें १०० ते १४० मिलिमीटर भरतें. त्यांत पुढें वांकून बसणारानें वीसएक मिलिमीटर व अधिक ताठ बसणारानें तीस किंवा त्याहून थोडे अधिक मिळवावे. ती बैठकीची रुंदी. हाडें बैठकीच्या सपाट भागावर पडलीं पाहिजेत, तिच्या उतरत्या कडेवर पडतां कामा नयेत, एवढाच या वाढीचा हेतु.

स्त्रियांच्या बाबतींत येथें दोन शब्द सांगणें जरूर आहे. स्त्रियांच्या हाडांमधील अंतर सरासरीनें पुरुषांपेक्षां अधिक असतें, हें खरें. परंतु एका स्त्रींत व दुसऱ्या स्त्रींत जो फरक आढळतो, तो या सरासरींतील फरकाहून मोठा असूं शकतो. म्हणून दुकानांत 'लेडीज' म्हणून जी गुबगुबीत बैठक पुढें करण्यांत येते, ती केवळ नांवावरून घेऊं नये. माप घेऊनच ठरवावें. नाक आंखूड असलेली किंवा मध्यें पन्हळ असलेली बैठक पुष्कळ स्त्रियांना सोयीची पडते, आणि पुष्कळ पुरुषांनाहि पडते.

बाजारांत आज मिळणाऱ्या बैठकांचे स्थूलमानानें तीन वर्ग पडतात. पहिला वर्ग रुंद, स्प्रिंगांच्या बैठकांचा. ताठ बसणारांना, उतारवयाच्या माणसांना आणि खडबडीत रस्त्यावरून हळूहळू जाणारांना ती चांगली. दुसरा वर्ग ताणलेल्या कातड्याच्या बैठकांचा. ही बैठक वजनानें अर्ध्या किलोच्या आसपास असते, किंमतीनें कांहीं हजार रुपयांची असते, प्रारंभीं कठीण लागते, आणि निगा राखली तर पुष्कळ वर्षें सेवा करते. तिसरा वर्ग प्लास्टिकच्या तळावर फेसाचा पातळ थर व वर कृत्रिम आवरण असलेल्या बैठकांचा. तिला पावसापाण्याचें भय नाहीं, ती पहिल्या दिवसापासून जशी आहे तशीच राहते, आणि तिच्यांत रुंदीचे व आकाराचे पुष्कळ प्रकार मिळतात. मात्र हा थर पातळ व घट्ट असावा, आणि मधली पन्हळ किंवा भोंक हाडांना न लागणारें असावें. यांपैकीं कोणताहि एक वर्ग सर्वांना श्रेष्ठ नाहीं. एकाला स्वर्गसुख देणारी बैठक त्याच्या सख्ख्या भावाला नकोशी होते; कारण बैठकीचें मोल ती कोणाच्या हाडांखालीं आहे यावर ठरतें.

मराठवाड्यांत राहणाऱ्यांनीं हवेचाहि विचार केला पाहिजे. मे महिन्यांत येथें सावलींतील उष्णतामान चाळीस अंशांच्या वर जातें. अशा उन्हांत दुपारभर उभ्या केलेल्या सायकलीचें कातडें सुकून तडकतें; म्हणून ती सावलींत ठेवावी, आणि बैठकीला तिच्यासाठींच मिळणारें मेण वरून व खालूनहि लावावें. खोबरेल किंवा दुसरें खाद्य तेल मुरवीत बसूं नये. तेलानें कातडें प्रमाणाबाहेर मऊ होतें व लोंबूं लागतें. पावसाळ्यांत खालून उडणाऱ्या चिखलापासून मडगार्ड तिचें रक्षण करतो, आणि वरून साधी प्लास्टिकची पिशवी बांधली तरी पुरते. भिजलेल्या कातड्यावर बसून प्रवास केला तर त्याचा आकार कायमचा बिघडतो. भिजलेंच तर तें उन्हांत न ठेवतां सावलींत वाळूं द्यावें. एवढी निगा ज्याच्यानें होणार नाहीं, त्यानें तिसऱ्या वर्गांतील बैठक घ्यावी, हेंच श्रेयस्कर.

योग्य बैठक घेतली तरी ती योग्य रीतीनें बसविली नाहीं, तर सर्व खर्च व्यर्थ जातो. यांत तीन गोष्टी पाहावयाच्या. पहिली उंची. सायकलीवर बसून टांच पायडलावर ठेवावी. पायडल अगदीं खालीं असतांना गुडघा सरळ झाला पाहिजे. मग चवडा पायडलावर ठेवला म्हणजे गुडघ्यांत थोडा बांक राहतो, आणि ती उंची सामान्यतः बरोबर असते. बैठक याहून उंच झाली तर प्रत्येक फेऱ्याला कंबर डावी-उजवीकडे डोलते आणि कातडी सोलते. मागून येणाऱ्या सोबत्याला हें डोलणें चटकन् दिसतें. स्वतःला तें समजत नाहीं. दुसरी गोष्ट पातळी. गवंड्याची पाणसळ बैठकीवर लांबीनें ठेवून ती सपाट करावी. नाक खालीं झुकलें तर अंग पुढें घसरतें, आणि तें थोपवितांना मनगटें व खांदे दुखूं लागतात. नाक वर उचललें तर मधल्या भागावर रेटा येतो. कातडी बैठक मध्यें दबते, म्हणून तिचें नाक केसभर वर ठेवण्याची वहिवाट आहे. तिसरी गोष्ट पुढेंमागें सरकविण्याची. पायडलाचा दांडा आडवा असतांना पुढच्या गुडघ्याच्या वाटीखालून ओळंबा सोडला, तर तो पायडलाच्या आंसाजवळ यावा. आरंभ करण्यास एवढें माप पुरे आहे.

पुष्कळदां दोष हँडलचा असून शिव्या बैठकीला खाव्या लागतात. हँडल फार दूर असेल तर प्रवासी नकळत पुढें सरकून बैठकीच्या अरुंद नाकावर बसतो, आणि हाडांना आधार देणारा मागला भाग रिकामाच राहतो. अशा वेळीं तीन बैठकी बदलल्या तरी गुण येत नाहीं. हँडल थोडें जवळ व वर घेतलें कीं दुखणें नाहींसें होतें. म्हणून नवी बैठक घेण्यापूर्वीं, जुन्या बैठकीवर आपण नेमके कोठें बसतों, हें प्रत्येकानें एकदां पाहून घ्यावें.

आतां सर्वांत महत्त्वाची गोष्ट. बसून दुखणें आणि बसून बधिर होणें, हे दोन निरनिराळे प्रकार आहेत. नव्या बैठकीवर पहिले कांहीं दिवस हाडांच्या जागीं ठणका लागतो. तो संवयीनें जातो आणि त्यांत भय नाहीं. परंतु मधल्या भागाला मुंग्या येणें किंवा तो भाग बधिर होणें, ही ज्ञानतंतूंची व रक्तप्रवाहाची हांक होय. ती संवयीनें जाईल म्हणून सोसत बसणें धोक्याचें आहे. अमेरिकेंतील राष्ट्रीय व्यावसायिक सुरक्षा व आरोग्य संस्थेनें सायकलवरून गस्त घालणाऱ्या नव्वद पोलिसांना सहा महिने पुढें नाक नसलेल्या बैठका वापरावयास दिल्या होत्या. २००८ सालीं प्रसिद्ध झालेल्या या पाहणींत बधिरतेची तक्रार पुष्कळच कमी झाल्याचें आढळून आलें. म्हणजे रेटा काढला कीं विकार ओसरतो. लांबच्या प्रवासाला नाक नसलेली बैठक सर्वांनाच मानवते असें नाहीं, कारण वळणावर व उतारावर मांडीनें सायकल सांभाळण्याचा आधार तिच्यांत जातो. परंतु बधिरता येतांच उतरून चालावें, बैठकीचें नाक तपासावें, उंची कमी करून पाहावी, आणि एवढ्यानें भागलें नाहीं तर ती बैठक बदलावी. उतरल्यानंतरहि बधिरता राहिली, तर डॉक्टरांकडे जाण्यास संकोच करूं नये. या गोष्टीची वाच्यता करण्यास माणसें लाजतात, आणि त्या लाजेपायीं साधा उपाय महिनोन् महिने लांबणीवर पडतो.

बैठकीइतकेंच कातडीच्या निगेकडे लक्ष पुरविलें पाहिजे. घाम, उष्णता व घर्षण यांच्या योगानें प्रथम लाली येते, मग सोलवटतें, आणि शेवटीं गळूं होतात. जाड शिवण असलेली जीनची विजार या कामीं सर्वांत वाईट. सायकलस्वारांसाठीं आंत अस्तर शिवलेली जी घट्ट विजार मिळते ती नुसतीच घालावी. तिच्या आंत दुसरा कपडा घातला तर त्याची शिवण टोंचते आणि अस्तराचा उपयोग नाहींसा होतो. मुक्कामीं पोंचतांच ती काढून धुवावी व अंग कोरडें करावें. घामट विजारींत चहापाणी करीत तास घालवूं नये. दर दहा-पंधरा मिनिटांनीं पायडलांवर उभें राहून कांहीं क्षण अंग उचलावें, म्हणजे दबलेल्या भागांत रक्त पुन्हां खेळूं लागतें. खड्डा दिसतांच तर उठलेंच पाहिजे. उत्तमांतील उत्तम बैठक खड्ड्याचा धक्का स्वतःवर घेऊं शकत नाहीं.

नव्या बैठकीची परीक्षा कशी करावी, याची सोय संभाजीनगरकरांना भोंवतालच्या रस्त्यांनींच करून दिली आहे. पहिली फेरी वेरूळची घ्यावी. जाऊन-येऊन ती सुमारें साठ किलोमीटर होते, आणि दौलताबादच्या पुढें खुलताबादकडे चढणारा घाट लागतो. चढावर मनुष्य मागें सरकून जोर लावतो, मध्येंच उभा राहतो, उतारावर पुढें येतो. बैठकीवर जागा बदलण्यास वाव आहे कीं नाहीं, तें या फेरींत कळतें. दुसरी फेरी पैठणची, जाऊन-येऊन सुमारें शंभर किलोमीटर. बिडकीनवरून जाणारा हा रस्ता बहुतेक सपाट आहे, म्हणून पायांना तो सोपा वाटतो. परंतु बैठकीची खरी कसोटी येथेंच लागते. सपाट रस्त्यावर उठण्याचें निमित्त मिळत नाहीं, आणि तासन् तास एकाच जागीं भार पडतो. या दोन फेऱ्या सुखरूप झाल्या, म्हणजे अजिंठ्याचा बेत करण्यास हरकत नाहीं. फेरीच्या वेळीं एलन-की बरोबर ठेवावी, एका वेळीं एकच बदल करावा, तोहि दोन-तीन मिलिमीटरांहून अधिक करूं नये, आणि मूळ उंचीची खूण दांड्यावर चिकटपट्टीनें करून ठेवावी. उंची, पातळी व जागा एकदम बदलणाऱ्याला गुण कशानें आला, हें कधींच समजत नाहीं. नवी कोरी बैठक चढवून थेट लांबच्या प्रवासास निघणें हें नवे जोडे घालून पंढरीच्या वारीस निघण्यासारखें आहे.

बैठक विकत घेण्यापूर्वीं दुकानदाराला एक गोष्ट स्पष्ट विचारावी. आठ-दहा दिवस वापरून ती मानवली नाहीं, तर तो बदलून देईल काय? सर्वच दुकानदार हें कबूल करीत नाहींत. परंतु जो करील त्याच्याकडे चार पैसे अधिक पडले तरी ते वांचल्यासारखेच आहेत. तशी सोय नसेल, तर सायकलीवर हिंडणाऱ्या स्नेह्याची बैठक एका रविवारापुरती मागून घ्यावी. त्याला मानवणारी बैठक आपल्याला मानवेलच असें नाहीं, परंतु रुंद चांगली कीं अरुंद, कातड्याची कीं फेसाची, एवढा निर्णय तरी त्यावरून होतो. आणि हें सारें करण्यापूर्वीं पुठ्ठ्यावर बसून घेतलेलें तें माप एका कागदावर लिहून खिशांत ठेवावें. त्याला खर्च कांहींच नाहीं, वेळहि पांच मिनिटांहून अधिक लागत नाहीं, आणि दुकानांत उभें राहून बैठक अंगठ्यानें दाबून पाहण्याचा मोह झाला, तर तो कागद फार उपयोगी पडतो.